मडमेच्या दिव्याची चौथी काच

मास्तर दुरुस्त झालेला दिवा न्यायला आलते, ते म्हनले, "बाई, तुमच्या धंद्याचं चार पानं लिहून द्या, आमच्या दिवाळीच्या अंकात घालतो." मी म्हनलं, "मास्तर, मी तिसरीतनं उटलेली." तर म्हनले, "बोलता तसंच लिहा." आता माझं बोलनं कसं, एकदा सुटलं की दम लागल्याबिगर थांबत न्हाय, आन् मांडीवर दोन वर्साची पोरगी, तिला पेन्सिल पायजे, मला बी पायजे, तवा कुटं रेघोट्या दिसल्या तर त्या तिच्या आन् चुका दिसल्या तर माझ्या.

आमचं दुकान बेळगावात कॅम्पात, राहायला आमी अनगोळात. दुकान म्हंजे दोन फळ्या आन् एक खिडकी. शेजारी पत्र्याचं काम करनारं हुसेनचाचा. आमी साधा कंदील घेत न्हाय, तो चाचा घेत्यात. आमी घेतो शौकाचं दिवं. गोरं साहेब विलायतेला परत निगालं की बंगल्यातलं सामान लिलावात काढत्यात, त्यात हे असत्यात, कुनाचं घुबड, कुनाचा बेडूक, कुनाचा हत्ती आन् सोंडंच्या टोकावर वात. आपली मानसं हौसेनं घेत्यात, घरी नेत्यात, आन् आठ दिसांत काय तरी मोडतंय. त्याचं नवं कुटंच मिळत न्हाय. मग जुनं हुडकायचं, न्हाय गावलं तर दुसऱ्याचं कापून ह्याला लावायचं. दुरुस्ती अर्ध्या तासाची आन् हुडकनं महिन्याचं, असा आमचा धंदा.

दिवा म्हंजे काय ते सांगते, म्हंजे म्होरचं कळंल. खाली राकेलाचं पोट, वर पितळंचं तोंड, तोंडात वात, वातीवर काच. पोट काचंचं आन् तोंड पितळंचं, त्या दोघांचं सूत कदी जमत न्हाय, राकेल पाझरून जोड सुटतोय. तितं तुरटी वितळवून वतायची, निवली की दगडासारकी धरून बसती. नवी काच आली तर तशीच चढवायची न्हाय, मिठाच्या गार पान्यात ठिवून ते पानी उकळायचं आन् आपोआप निवू द्यायचं, म्हंजे काचंला तापाची सवय लागती. आन् काच मिळालीच न्हाय तर बाटली कापायची. दोरा राकेलात भिजवून बाटलीला गुंडाळायचा, पेटवायचा, जळत आला की वरनं गार पानी. टिच्च! दोऱ्याच्या रेघंवर सरळ तुटती. तापलेल्या काचंला गार पानी दावलं की ती ऱ्हात न्हाय. हे मी रोज करत हुते, रोज, आन् तरी मला तीन काचा फुटेस्तोवर अक्कल आली न्हाय, तेच सांगनार हाय.

हे सगळं काम आमच्या ह्यांचं. मी नुसती वाती कातरायची, काचा पुसायची, तुरटी वितळवायची. मग लढाई लागली. विलायती काचा यायच्या बंद झाल्या, आन् आमचं हे बी त्याच लढाईवर फिटर म्हनून गेले. पोरगी पोटात हुती तवा. जाताना एवढंच म्हनले, "दुकान बंद करू नकोस गं. आलो की ह्याच फळीवर येऊन बसनार." मी म्हनलं, व्हय. कशावर म्हनलं कुनास ठावं. मी जात्याच भित्री. मला कुत्र्याचं भ्या, कॅम्पातल्या गोऱ्या सोजिराचं भ्या, थोरल्या भावजींच्या खाकरन्याचं भ्या, आन् धंदा मिळाला तो राकेलाचा आन् इस्तवाचा.

थोरलं भावजी म्हंजे ह्यांचं वडील भाऊ, कचेरीत कारकून. त्यांचं म्हननं, घरातल्या बाईनं कॅम्पात फळीवर बसायचं बरं दिसत न्हाय. एकानं पानपट्टीसाटी जागा मागितलेली, ती देऊन टाकू. दर रविवारी यायचे आन् दोरी लावून खिडकी मापून जायचे. खिडकी काय दर आठवड्याला वाढती व्हय?

पैलं मोटं काम आलं ते वकिलांचं घुबड. चिनी मातीचं, पोटात दिवा लावला की दोनी डोळं चमकायचं, त्यातला एक फुटलेला. वकिलीन बाई म्हनल्या, "शाबूत हुतं तवाच अपशकुनी, आता तर एका डोळ्याचं कानं!" म्हनून वकिलांनी ते बैठकीत पक्षकारांपुढं ठिवलेलं. मी गोळीच्या सोड्याच्या फुटक्या बाटलीतली गोळी काडून डोळा बशिवला. एक डोळा पिवळा, एक हिरवा, आन् हिरव्यात ज्योत अशी हलायची की घुबड डोळा मारतंय असं वाटायचं. एक पक्षकार म्हनं खोटं सांगता सांगता मधीच थांबला आन् खरं बोलला. वकील चिडले, पर घुबड काय परत आनलं न्हाय.

आता मडम.

निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी, त्यास्नी सगळी आप्पा म्हनत्यात. अंगानं दांडगे, वखारीत शंभर मानसं त्यांच्या हाकेवर, पर आईपुढं मांजार. त्यांनी दिवा आनला तो उशीत गुंडाळून. मी उशी सोडली आन् बगतच बसले. दोन हात उंच धातूची मडम, एक हात वर, त्या हातावर दिवा. आन् अंगावर हिरवं नऊवारी लुगडं, काष्टा घालून, कपाळाला कुंकू.

आप्पा भिंतीकडं बगत म्हनले, "खांदं उगडं हुतं तिचं. आई म्हनली, घरात सुना-लेकी हायत."

"आन् कुंकू?"

"आई म्हनली, नवरा विलायतेत का असंना, हाय न्हवं?"

त्या मडमेची काच निराळी, खाली फुगीर, मधी कंबर, वर निमुळती. बाटली कापून हुईना. ह्यांच्या पेटीत तसल्या दोन हुत्या. त्यातली एक बशिवली, आप्पा घेऊन गेले. दहा दिसांत परत. काच फुटली. दुसरी बशिवली. ती पंधरा दिसांत फुटली. तिसरी मी चर्चच्या मागं ऱ्हानाऱ्या म्हाताऱ्या मडमेकडनं आनली, तिच्या दारातलं कुत्रं माझ्या पदराला लोंबकळत रस्त्यापातूर आलतं. ती बी फुटली.

तिसऱ्या काचंचं नुसतं तुकडं घेऊन आप्पा आले तो रविवार. भावजी खिडकीत दोरी धरून उबे.

आप्पा म्हनले, "आमची आई म्हनती, पोरीच्या हाताला गुन न्हाय."

भावजी खाकरले. मी पदर तोंडाला लावून काचंचं तुकडं जुळवत बसले, दुसरं काय करनार. आन् बगते तर तडा वरनं खाली आलेला. वातीच्या तापानं फुटती ती खालनं फुटती. ही वरनं कशी? पैल्या दोन बी अशाच हुत्या का, ते मी बगितलंच न्हवतं, रडन्यात येळ गेलता.

मी भीत भीत इचारलं, "आप्पा, दिवा फुंकून घालवतासा का? वरनं थुकी उडली तरी..."

"छे छे!" आप्पा दोनी कानांवर हात ठिवून. "आमच्यात दिवा फुंकत न्हाईत. अग्नीला तोंडाचा वारा लावत्यात व्हय कोन? तुमी फुंकता?"

"न्हाय वो बाई," मी म्हनलं. आन् दुकानात दिवं तपासताना दिसातनं चाळीस डाव फू-फू करनारी मीच. चाचा पलीकडनं मोठ्यानं खोकले.

आप्पा गेल्यावर भावजी म्हनले, "दसऱ्यापातूर बगनार. मडम आनखी एकदा परत आली तर फळ्या काडायच्या. ह्यो शेवटचा डाव."

चौथी काच कुटनं आनू? आता आमच्या धंद्यातलं गुपित सांगते. जुनं सामान कुनाकडं हाय ते दुकानदाराला ठावं नसतंय, ते कासारनीला ठावं असतंय. ती बांगड्या भरायला माजघरापातूर जाती, हात दाबता दाबता सगळं फडताळ बगून घेती. मी आमच्या कासारनीला काचंचा आकार जमिनीवर काडून दावला. ती म्हनली, "हे तर संकेश्वरच्या तारमास्तरांच्या कानाला असतंय."

"कानाला?"

"भैरं झालंय म्हातारं. दिवा कवाच मोडला, उरली काच, ती कानाला लावून ऐकत बसतंय."

मग चाचांनी मला पत्र्याचं एक लांब नरसाळं करून दिलं, कडा घासून गुळगुळीत. पोरगी तवा आठ म्हैन्याची. तिला काखंत मारली, नरसाळं पिशवीत टाकलं आन् मोटारीत बसले.

तारमास्तर ओसरीवर. मी म्हनलं, "आज्जा, बेळगावासनं आलेय." त्यांनी काच उचलून कानाला लावली आन् दुसरं तोंड माझ्याकडं केलं. आता इचार करा, जी काच मागायची तिच्यातच तोंड घालून मी वराडले, "ही काच मला द्या!"

"देतो की," म्हातारं म्हनलं. "आन् मग मी ऐकू कशानं?"

मी नरसाळं म्होरं केलं. त्यांनी फिरवून फिरवून बगितलं, कानाला लावलं, आन् तोंड सैपाकघराकडं केलं. आत सून भाकरी थापत हुती आन् आपली नेमापरमानं पुटपुटत हुती. काय पुटपुटत हुती ते मी हितं लिवत न्हाय, अंक घरात वाचत्यात. म्हाताऱ्याचं डोळं असं मोटं झालं.

"असं बोलती व्हय ही!"

सून बाहीर आली, तिला सगळं ध्यानात आलं. "आनलं कुनी हे?"

"सहा वर्सं मला वाटलं ही पोथी म्हनती!" म्हातारं उटून उबं ऱ्हायलं. "काच दे माजी परत! काचंतनं सून बरी हुती!"

तवर काच माझ्या पदरात गेलती आन् मी पायरीवर. मागनं सून वराडत आली, "बाई, नरसाळं घेऊन जा गं तुजं!" सासरा काच मागतोय, सून नरसाळं न्या म्हनती, आन् मी चपला हातात घेऊन स्टँडाकडं पळालेय, पोरगी काखंत खिदळायली. त्या घराची शांती मी मोडली, त्याचं मला अजून वाईट वाटतंय. पर नरसाळं चांगलं झालतं.

मडम निपाणीतच हुती, आन् काच फुटती कशी ते मला डोळ्यांनी बगायचं हुतं, तवा तशीच निपाणीची मोटार धरली, ती भरलेली. काच मी पोरीच्या दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलेली, दुसऱ्या हातात पोरगी. कंडाक्टर कानडीत म्हनला, "एनव्वा, आवळी-जावळी?" जुळी हायत का म्हनून. भ्यालेल्या मानसाचं तोंड पैल्यांदा हो म्हनतंय. मी म्हनलं, "व्हय." झालं, सगळ्या मोटारीनं जागा दिली. शेजारची म्हातारी म्हनली, "दोन कशी सांभाळतीस गं लेकी, एक दे माज्याकडं." मी पोरगी दिली.

"आन् ह्याचं तोंड तरी दाव."

"नगं वो आज्जी, नजर लागती."

"रडत बी न्हाय गं."

"लई गरीब हाय," मी म्हनलं.

निपाणी येईस्तोवर त्या म्हातारीनं माझी पोरगी खेळवली आन् मी काचंला थापटत बसले. खड्डा आला की काच पोटाशी धरायची. पोटची पोर परकीच्या मांडीवर आन् काच पोटाशी, हे उतरताना ध्यानात आलं. काय करनार, काच एकच हुती त्या सगळ्या मुलखात. म्हंजे पोरगी बी एकच हाय, पर ती फुटत न्हाय.

निपाणीत तंबाखूचा असा वास की उतरल्या उतरल्या पोरीनं सात शिंका दिल्या. आप्पांच्या घरी गेले. आप्पांची आई, त्यास्नी सगळी थोरल्या आक्का म्हनत्यात. बारकुळ्या, ताठ, कपाळ मोकळं. त्यांनी मला वरनं खालपातूर बगितलं.

"ही व्हय ती बिनगुनाची?"

"व्हय आक्का," मी म्हनलं.

"काच देऊन जा."

"न्हाय आक्का, बशिवते आन्... आन् दिवा शांत हुईस्तोवर थांबते." एवढं बोलायला मला संकेश्वरापासनं दम साठवाय लागलता.

काच मिठाच्या पान्यात उकळून, निववून, पुसून बशिवली. दिवेलागनीला मडमेला पेटिवलं. सगळं घर आलं, आप्पांनी हात जोडले, सुनांनी जोडले, मी जोडले, त्या हिरव्या लुगड्यातल्या मडमेला, आन् ती बी अशी दिसत हुती जनू आता हळदीकुंकू द्यायला वाकनार. मी खांबाला टेकून काचंकडं बगत बसले. उजेड चांगला, धूर न्हाय, तडा न्हाय.

लढाईमुळं राकेल तंगीचं, म्हनून त्यांच्यात मडम दिवेलागनीपुरतीच, जेवायच्या आदी शांत करायची. आक्का देवघरातनं आल्या. एका हातात वाटी. वाटीत पानी घातलेलं दूध. दुसऱ्या हातात झेंडूचं फूल. फूल दुधात बुडवलं. आपली समई करत्यात बगा शांत, फुलानं, तशी. आन् हात वर केला, काचंच्या वरच्या तोंडाकडं. तापल्या काचंवर गार दूध.

टिच्च! ते मला आदीच ऐकू आलं, डोक्यात.

आता हे सांगा, सत्तर वर्साची म्हातारी, घरची मालकीन, दिव्याफुडं, आन् मी बिनगुनाची पोरगी. तिच्याफुडं पोरगा बोलत न्हाय. मी बोलले बी न्हाय. मी झडप घातली आन् तिचा हात मनगटाला धरला. वाटी उडाली, दूध माझ्या डोस्क्यावर, फूल आप्पांच्या धोतरावर, पोरगी भोकाड पसरून.

आक्का हळू म्हनल्या, "हात सोड."

मला सोडवंना. हात आपोआप घट्ट झालेला. मी तशीच बोलत सुटले, "आक्का, बाटली अशीच कापतो आमी, तापवून गार पानी घालून, तुमी तीन काचा कापल्यासा आक्का, माझं दुकान जातंय, हे लढाईवर हायत, फळी ठिव म्हनून गेलेत, ही शेवटची काच, एका भैऱ्याचा कान काडून आनलाय मी..."

"मग काय फुंकू?" आक्का कडाडल्या. "ह्या घरात? मडम असली तरी दिवाच न्हवं ती?"

त्यांचं बी खरं हुतं. फुलाबिगर दिवा शांत न्हाय, आन् फुलानं काच ऱ्हात न्हाय. मी हिकडं तिकडं बगितलं. मडमेच्या पायाशी कुंकवाचा करंडा. त्याचं पितळंचं झाकन काडलं, कोरडं. देवघरातनं एक सुकं फूल आनून त्या झाकनावर ठिवलं. वात जरा खाली उतरवली. झाकन आक्कांच्या हातात दिलं.

"फूल वाहा आक्का. झाकनासकट वाहा."

आक्कांनी माझ्याकडं बगितलं, मडमेकडं बगितलं, मग झाकन काचंच्या तोंडावर ठिवलं. ज्योत एकदा वर आली, बारीक झाली, आन् गेली. धूर न्हाय, आवाज न्हाय. काच तशीच उबी.

मग मधली सून पदरात तोंड घालून म्हनली, "आमाला ठावं हुतं वो पैल्यापासनं. पर सासूबाईंना सांगनार कोन?"

आप्पा धोतरावरचं फूल उचलत म्हनले, "मला बी वाटलंच हुतं."

तिसऱ्या काचंला निपाणीहून बेळगावापातूर आला हा मानूस, पर त्या खोलीतनं ह्या खोलीत जाऊन आईला सांगवलं न्हाय त्याच्यानं!

दसऱ्याच्या आदल्या रविवारी भावजी दोरी घेऊन आले, संगती पानपट्टीवाला. फळ्या मोजायला लागले. तेवढ्यात दारात मोटार थांबली आन् आतनं आक्का उतरल्या, मागं आप्पा, हातात उशी. भावजी म्हनले, "आली मडम परत."

आक्का भावजींना म्हनल्या, "तुमी थोरलं दीर? ह्या पोरीनं माजा हात धरला. चार मानसांत."

भावजी दोनी हात जोडून म्हनले, "आक्का, मी तिच्या वतीनं..."

"नवरा गेल्यापासनं मला कुनी काय सांगितलं न्हाय," आक्का म्हनल्या. "समदी व्हय म्हनत्यात. तीन काचा फुटल्या तरी व्हय. हिनं हात धरला." मग पानपट्टीवाल्याकडं वळून, "तू कोन? जागा सोड, मला बसायचंय."

तो उटला. आक्का फळीवर बसल्या, उशी सोडली. आत मडम न्हवती. पितळंचा मोर हुता, शेजारच्या व्यापाऱ्याचा, पिसाऱ्यात सात वाती, सातातली एक पेटंना. भावजींनी दोरी गुंडाळली आन् खिशात घातली. अजून कदी कदी खाकरत्यात, पर खिडकी मापत न्हाईत.

चाचांनी आन् मी मिळून पत्र्याचं फूल केलं, आठ पाकळ्यांचं, खाली झाकन, काचंच्या तोंडावर बरूबर बसनारं. पैलं आक्कांना. आता दुरुस्तीला आलेल्या दिव्यासंगं लोक फूल मागून नेत्यात. वकिलांनी बी घुबडासाटी नेलं.

एक फूल मी दुकानात ठिवलंय. पैलं मी दिवं फुंकायची, सांगितलंच. पर आक्कांच्या घरनं आल्यावर एकदा तोंड काचंवर नेलं आन् फुंकवंना. ह्यांचं पत्र म्हैन्या दोन म्हैन्यानं येतंय, मधल्या दिसांत, उगा काय अशुभ नगं म्हनून, मी दिव्याला तोंडाचा वारा लावत न्हाय. भित्र्या मानसाचं हे असंच.

पोरगी मात्र दिवा दिसला की गाल फुगवून फूऽ करती. मी गुमान वरनं फूल ठिवते. दिवा जातोय आन् तिला वाटतंय आपनच घालवला, टाळ्या पिटती. सांगायला पायजे तिला खरं. पर सांगनार कोन?